पांढऱ्या लघवीचे चौदा महिने

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घोळ घातला. दुखणंच असं, की चारचौघांत त्याचं नाव काढता येत नाही. पण मागच्या महिन्यात जामनेरकडचे एक शिक्षक माझ्याकडे आले. बायकोला ओसरीवर बसवून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि इकडेतिकडे बघत पिशवीतून कागदात गुंडाळलेली बाटली काढली. बाटलीत दुधासारखं पांढरं पाणी होतं.

"तुम्हालाही असंच झालं होतं ना? खरं सांगा, हे कशाने होतं? घरचे म्हणतात..."

घरचे काय म्हणत असतील ते मला ठाऊक होतं. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली सकाळ

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी पहूरच्या दूध संकलन केंद्रावर तपासनीस होतो. कोणी दुधात पाणी घातलंय, कोणी पीठ, कोणी आदल्या दिवशीचं शिळं मिसळलंय, हे शोधून काढणं माझं काम. बारा वर्षं हे काम केल्यावर माणूस सरळ बघायचं विसरतो. कोणी जरा जास्त हसून "राम राम भाऊ" म्हटलं, की मी त्याची किटली दोनदा ढवळायचो.

थंडीचे दिवस होते. सकाळचं संकलन आटोपून मी केंद्रामागे लघवीला गेलो आणि बघतच राहिलो. भिंतीवरून पांढरं पाणी ओघळत होतं. आधी वाटलं, कोणीतरी इथे डबा धुतला असेल. दुपारी एका रिकाम्या बाटलीत धरून बघितलं. दुधात थोडं पाणी घातल्यावर जो रंग येतो, तो रंग. तो रंग माझ्याइतका कोण ओळखणार?

दुसऱ्या दिवशी सगळं साफ. चार दिवसांनी पुन्हा पांढरं. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, कोणाला तरी सांगता आलं असतं.

ताकदीचं औषध

महिनाभर लपवलं. मग जळगावला स्टँडजवळ पाटी लावून बसलेल्या एका इसमाकडे गेलो. तो खरा डॉक्टर होता की नाही, मला आजही माहीत नाही. त्याने बाटली दुरूनच पाहिली.

"लग्नाआधी कुठे होता?"

"भंडाऱ्याकडे. तीन वर्षं. तिथल्या डेअरीत."

"एकटेच?"

"एकटाच."

तो हसला. त्या हसण्याचा अर्थ मला कळला. "धातू जातोय," तो म्हणाला. "शरीर आतून पोकळ होत चाललंय. ताकदीचं खा. तूप, लोणी, बदाम, शेंगदाणे, म्हशीचं दूध. आणि ही पुडी रोज रात्री."

घरी येऊन विमलला, माझ्या बायकोला, एवढंच सांगितलं, की अशक्तपणा आहे, तूप खायला सांगितलंय. तिने लगेच बोदवडला आपल्या थोरल्या भावाला निरोप धाडला. नाना दोन दिवसांत घरच्या तुपाचा डबा घेऊन आले. विमलने डिंकाचे लाडू वळले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर दुधाचा पेला.

माझं वजन उतरू लागलं. पँटला आतून टीप मारावी लागली. आणि लघवी आता रोज पांढरी होऊ लागली.

विमलपासून ते किती दिवस लपणार? मोरीत वाळलेले पांढरे डाग तिने पाहिले होते. ती आठ दिवस काही बोलली नाही. नवव्या दिवशी माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर टांगलेला दिसला. अंथरूणही वेगळं झालं. आमची सोनी तेव्हा सहा वर्षांची होती. ती दोघांच्या मध्ये निजायची, तिला विमलने आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं.

मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मी बाहेरून काही रोग आणलाय असं ती समजली, हे मला कळत होतं. पण खरंच तसं काही नव्हतं, तर बोलायची सुरुवात तरी कुठून करायची?

माझी वही

मग मी माझ्या धंद्याची सवय वापरली. एका जुन्या वहीत रोज लिहू लागलो: काय खाल्लं, कुठे खाल्लं, लघवी कशी.

दीड महिन्यात जे दिसलं, ते असं. घरी लाडू खाल्ले की चार-पाच तासांत पांढरं. नाना नवीन तूप घेऊन आले की सगळ्यांत पांढरं, एकदा तर लालसर झाक. केंद्राच्या कामासाठी जळगावला पाच दिवस मुक्काम पडला. तिथल्या मेहरूण भागात एका ओळखीच्यांकडे उतरलो होतो. घरातल्या म्हाताऱ्यांना हृदयाचा त्रास म्हणून त्यांच्याकडे बिनतेलाचं वरण आणि भाकरी असायची. ते पाचही दिवस लघवी विहिरीच्या पाण्यासारखी. घरी परतलो, विमलने प्रेमाने ताट वाढलं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

यावरून तुम्ही काय काढलं असतं? मी काढलं, की बायको मला काहीतरी खाऊ घालतेय आणि तिचा भाऊ ते पुरवतोय.

आज लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा सगळं जुळत होतं. तिचं अबोल राहणं, नानांच्या फेऱ्या, दोघं चुलीपाशी हळू आवाजात बोलायची आणि मी आलो की गप्प व्हायची ते. दुधातली भेसळ मी ज्या खात्रीने पकडायचो, त्याच खात्रीने मी विमलला पकडलं होतं.

एक दिवस सोनी डब्यातला लाडू घेऊन अंगणात निघाली होती. मी धावत जाऊन तो तिच्या हातातून हिसकावला. पोर घाबरून रडायला लागली. विमल दारात आली.

"काहून घेतला हातातला?"

"तिला खोकला आहे."

"तिले कुठी खोकला हाय?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग लाडवाकडे. तो मी दूर फेकायचा सोडून मुठीत धरून ठेवला होता.

यंत्रात

त्याच आठवड्यात एका दुपारी केंद्रावर कोणी नसताना मी ती गोष्ट केली, जी आजवर विमलशिवाय कोणाला सांगितली नाही. दुधाचं फॅट काढायची एक काचेची नळी असते. त्यात तेजाब घालायचं, दूध घालायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, की स्निग्धांश वेगळा होऊन वर येतो आणि आकडा वाचता येतो. मी दुधाऐवजी माझी लघवी घातली.

यंत्र थांबलं. नळी उजेडात धरली. वर पिवळसर थर होता. गाईच्या दुधाला येतो त्याच्या निम्मा तरी.

धातूबितू काही नव्हतं. ती चरबी होती. माणसाच्या लघवीत चरबी! मला वाटलं, हिने असं काही घातलंय की माझं शरीरच आतून वितळून चाललंय. नळी मी स्वतः धुतली, तीन वेळा धुतली, आणि शेवटी फोडून उकिरड्यात टाकली.

धुळे

पुढच्या सोमवारी लघवी अडली. सकाळपासून थेंब नाही. दुपारपर्यंत मी जमिनीवर लोळत होतो. शेजाऱ्यांच्या जीपमधून जळगावला नेलं. तिथे नळी घातली, तेव्हा साबुदाण्याच्या खिरीसारखे पांढरे गोळे बाहेर आले. तरुण डॉक्टर होते. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "हे मी पुस्तकात वाचलंय, पाहिलं नव्हतं. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात जा."

विमल आणि नाना माझ्याबरोबर एस.टी.ने निघाले. सोनीला शेजारी ठेवलं. माझ्या पिशवीत, बनियनच्या घडीत, रुमालात बांधलेला एक लाडू होता. तपासायला.

वॉर्ड मोठा, लांबट, फिनेलच्या वासाचा. शेजारच्या खाटेवर साक्रीकडचे एक आबा मूतखड्यासाठी आले होते. सकाळी सहाला झाडू, सातला चहा, नऊला डॉक्टरांची फेरी. आमच्या डॉक्टर बाई होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, आवाज खणखणीत. बाईंसमोर हे दुखणं कसं सांगायचं, या विचारानेच मी घामाघूम झालो. त्या मात्र पाढे म्हणावेत तसे प्रश्न विचारत गेल्या.

"लग्नाआधी कुठे राहत होता?"

पुन्हा तोच प्रश्न. मी नानांकडे बघितलं. नाना पुढे सरकले.

"भंडाऱ्याले होते हे. तीन सालं. एकटे. डॉक्टरीणबाई, मले साफ सांगा. हा बाहेरचा रोग हाय का? माह्या बहिणीच्या जिंदगीचा सवाल हाय."

विमल खाटेच्या पायथ्याशी खाली मान घालून उभी होती.

"तपासल्याशिवाय मी काही सांगत नाही," बाई म्हणाल्या. "भंडाऱ्याला डास फार होते का?"

मला वाटलं, बाई विषय टाळतायत. म्हणजे त्यांचाही तोच संशय.

त्या रात्री रक्त काढून नेलं. रात्रीच का, तर म्हणे त्या वेळी एक किडा रक्तात फिरतो. माझा विश्वास बसला नाही.

लाडू

दुसऱ्या सकाळी विमल थर्मास घेऊन चहा आणायला गेली. नाना बाहेर होते. बाई फेरीला आल्या, तेव्हा मी बनियनच्या घडीतून रुमाल काढला.

"हा तपासून द्या."

"काय आहे?"

"लाडू. घरचा आहे. मी हे खाल्लं की त्रास होतो, नाही खाल्लं की होत नाही. माझ्याकडे वही आहे." मी वही पुढे केली. "यात काहीतरी घातलेलं आहे. मला... मला घालून देतात."

बाईंनी वही उभ्या-उभ्या चाळली. पानं उलटताना त्यांच्या भुवया वर गेल्या. मग रुमालातला लाडू घेतला, फोडला, वास घेतला, आणि अर्धा तोंडात टाकला.

मी ओरडलोच. "बाई!"

त्या शांतपणे चावत राहिल्या. "छान झालाय. डिंक नीट तळलाय. तूप सढळ आहे. तेच तुमचं विष."

मला काही कळेना. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि त्या माझ्या मागे बघत होत्या. मी वळलो. विमल थर्मास घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिची नजर बाईंच्या हातातल्या उरलेल्या अर्ध्या लाडवावर होती. आपल्या हाताने वळलेला लाडू कोण ओळखत नाही?

तिने थर्मास स्टुलावर ठेवला आणि व्हरांड्यात निघून गेली.

वाट चुकलेलं तूप

बाईंनी नानांना आणि विमलला बोलावून घेतलं आणि माझ्या केसपेपरच्या मागे पेनने चित्र काढलं. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो.

आपण भाकरी खातो, साखर खातो, ते पचून आतड्यातून सरळ रक्तात जातं. तेला-तुपाचं तसं नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. तिच्यात बारीक नळ्या असतात. रक्ताच्या नव्हेत, वेगळ्याच. पचलेलं तूप त्या नळ्यांत शिरतं. तिथे ते दुधासारखं पांढरं दिसतं. या नळ्या एकमेकींना मिळत मिळत मोठ्या होतात, छातीतून वर जातात आणि थेट गळ्यापाशी जाऊन रक्तात मिसळतात. प्रत्येकाच्या पोटात जेवणानंतर ही पांढरी वाट चालू असते, फक्त कोणी बघत नाही.

"यांची वाट मध्येच अडली," बाईंनी चित्रावर फुली मारली. "भंडाऱ्याच्या डासांनी. हत्तीपाय ज्या किड्याने होतो, तोच किडा. तो या नळ्यांत जाऊन राहतो. काहींचे पाय सुजतात, काहींचं असं होतं. नळ्या तुंबून फुगतात, मूत्रपिंडापाशी एखादी फुटते, आणि खाल्लेलं तूप लघवीवाटे जातं. यात वाईट वागण्याचा काहीही संबंध नाही, नाना. आणि डासाला माणूस एकटा आहे की लग्नाचा, हे कळत नाही."

शेजारच्या खाटेवरचे आबा मोठ्याने हसले. नानांना हसू आलं नाही. "पण हे खरं कशावरून?" ते म्हणाले. खरं तर माझ्याही मनात तेच होतं. चित्र काय, कोणीही काढील.

बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लोण्याचा गोळा आणला, त्यात तेलातच विरघळणारा एक तांबडा रंग कालवला आणि मला खायला लावला. दुपारी बाटलीत लघवी धरली. ती नारिंगी-गुलाबी होती, सरबतासारखी. सकाळी खाल्लेलं लोणी रंगासकट समोर आलं होतं.

नानांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग टोपी काढून ते खाटेच्या कडेला बसले. "पाव्हणे," एवढंच म्हणाले आणि माझ्या पायावर हात ठेवला.

मी विमलला बाटली दाखवायला गेलो. तिने तोंड फिरवलं.

"मले नाही पाहाचं. म्या लाडूत काय घातलं, ते मले पयलेच माहीत होतं."

उपचार

पुढचे अठ्ठावीस दिवस मी त्या खाटेवर काढले. किड्यांसाठीच्या गोळ्यांनी आधी ताप आला, अंग ठणकलं. मग लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून मूत्रपिंडात औषध सोडलं. ते दोन दिवस मला आठवायचे नाहीत. पाठीत निखारा ठेवून कोणी तो फुंकतंय असं वाटायचं. औषध गेलं की मी खाटेची दांडी धरून बसायचो आणि विमल पाठीला गरम पाण्याची पिशवी लावायची. बोलायची नाही. पाणी गार झालं की उठून बदलून आणायची.

मला अजूनही सगळ्यांचा संशय यायचा. बाई मला बरं नाही करत, माझ्यावर शिकतायत, असंही वाटायचं. एकदा मी ते आबांना बोलून दाखवलं. विमल पाणी आणायला गेली होती.

"भाऊ," आबा म्हणाले, "तुन्ही बायको भली शे. बठ्ठा वार्ड दखस. तुलेच दिसत नही का?"

मी कुशीवर वळलो. सगळ्या वॉर्डाला दिसत होतं ते मलाही दिसत होतं. पण चूक कबूल करायला तोंड कुठून आणायचं, हा प्रश्न होता.

तो तिनेच सोडवला. घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी कपडे पिशवीत भरता भरता ती म्हणाली, "म्याबी तुमाले तसंच धरलं होतं. भंडाऱ्याचं. आईशप्पत, मले खात्री होती."

"मला माहीत होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तूही नाही बोललीस."

तिने पिशवीची गाठ मारली. "विषाचा संशय मोठा होता," ती म्हणाली. "माह्यापेक्षा तुमचा मोठा होता."

ते खरंच होतं. मी मान हलवली.

ताट

घरी येताना बाईंनी बजावलं होतं: सहा महिने तूप नाही, तेल नाही, शेंगदाणे नाहीत. खानदेशातल्या माणसाला हे सांगणं म्हणजे जेवू नको म्हणण्यासारखंच. भरितावर तेलाचा तवंग नसेल तर आमच्याकडे त्याला कोणी भरीत म्हणत नाही. फक्त खोबरेल तेल थोडं चालेल, बाई म्हणाल्या. ते पांढऱ्या वाटेने जात नाही, बरंचसं सरळ रक्तात जातं. विमलने वाण्याकडून खायचं खोबरेल आणलं आणि त्यात वांग्याची भाजी केली. गल्लीत बातमी पसरली, की ही नवऱ्याला डोक्याचं तेल खाऊ घालते. दोघी-तिघी डोकावूनही गेल्या. विमलने त्यांना काही समजावलं नाही.

पण पहिल्याच दिवशी एक झालं. तिने माझ्यासमोर ताट ठेवलं, खाली बसली, माझ्या ताटातली भाकरी मोडली, भाजीला लावली आणि आधी स्वतः खाल्ली. मग ताट माझ्याकडे सरकवलं.

"विमल, हे नको," मी म्हणालो.

"जेवा."

दुपारी तेच. संध्याकाळी तेच. पाण्याच्या तांब्यातलाही घोट घ्यायची. रागाने नाही, टोमणा मारायला नाही. एखादं काम करावं तसं. मी माफी मागितली, एकदा नाही, कितीदा तरी. ती "हूं" म्हणायची आणि पुढच्या जेवणाला पुन्हा पहिला घास घ्यायची. सोनीला तो खेळ वाटायचा. ती विचारायची, "आई, बाबांचं गोड लागतं का?"

असे महिने गेले. लघवी साफ राहिली. वजन सावकाश वाढलं. बाईंनी दोनदा तपासून, चिमूटभर साजूक तूप सुरू करा म्हणून सांगितलं. रोज सकाळी मी बाटलीत धरून उजेडात बघायचो. ती सवय अजून गेलेली नाही आणि जाईल असं वाटत नाही. हे दुखणं असेल तर तुम्हालाही लागेल. तिची लाज बाळगू नका.

शिक्षकांना मी शेवटी एवढंच सांगितलं. खऱ्या डॉक्टरकडे जा, ताकदीचं खाऊ नका, आणि आज घरी जाऊन बायकोला सगळं सांगा. ते म्हणाले, "तिला काय वाटेल?" मी म्हटलं, "तिला आत्ता काय वाटतंय, हे तुम्हाला माहीत आहे का?" ते उठून ओसरीवर गेले. दोघं बराच वेळ तिथे बसून होती.

आमच्याकडचं सांगायचं राहिलं. त्या पहिल्या सकाळपासून चौदावा महिना असेल. उन्हाळा लागला होता. अंगणात विमलने ज्वारीचे पापड वाळत घातले होते. तिने माझं ताट वाढलं, समोर ठेवलं, भाकरीकडे हात नेला. तेवढ्यात अंगणात गाय शिरली आणि सोनी ओरडली, "आई, पापड!"

विमल तशीच उठून पळाली. मी थांबलो. बाहेर तिचा हाकलण्याचा आवाज येत होता, मग सोनीचं हसणं. बऱ्याच वेळाने ती धाप टाकत दारात आली. घाम पुसला, माझ्या ताटाकडे बघितलं, अजून न मोडलेल्या भाकरीकडे बघितलं.

"बसले काहून असे?" ती म्हणाली. "खा ना. थंड होऊन राह्यलं."

आणि पापड उलटायला परत बाहेर गेली.